फ्लूचा नमुना: आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नमुने घेणारे, ते पाठवणारे आणि रिपोर्ट हातात धरून "हे असं कसं?" म्हणून फोन करणारे, तिघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून सगळे एकदाच लिहून ठेवतेय. मी नमुन्यांच्या नळ्या उघडायच्या टेबलावर बसते, त्यामुळे मध्ये मध्ये चिडचिड दिसली तर समजून घ्या.

१. स्वॅब घेतला, नळीत टाकला, पाठवला. मग "नमुन्याचा दर्जा" म्हणजे अजून काय राहिलं?

फ्लूचा व्हायरस नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये वाढतो, नाकातून वाहणाऱ्या पाण्यात आपोआप तरंगत नसतो. त्यामुळे स्वॅबला त्या पेशी लागल्या पाहिजेत, व्हायरस भरपूर असतो त्या दिवसांत लागल्या पाहिजेत, आणि लॅबच्या टेबलावर येईपर्यंत टिकल्या पाहिजेत. यातलं एक जरी हुकलं तरी मशीन कितीही भारी असूदे, "निगेटिव्ह" हाच शब्द छापून येणार. आणि त्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच असतो की या नळीत आम्हाला काही सापडलं नाही. माणसाला फ्लू नाही, असा तो होतोच असं नाही.

२. नाकातून घ्यायचा की घशातून? आणि एवढा आत कशाला?

साध्या हंगामी फ्लूसाठी नाकाच्या मागच्या टोकाचा, म्हणजे नाक जिथे घशाला मिळतं तिथला स्वॅब सगळ्यात भरवशाचा. तो जमत नसेल तर एक स्वॅब नाकातून, एक घशातून, आणि दोन्ही एकाच नळीत, हे पण चांगलं चालतं. नुसता घशाचा मात्र हंगामी फ्लूला कमी पडतो.

बहुतेकांची चूक दिशेत होते. स्वॅब वर कपाळाकडे सरकवायचा नसतो, टाळूला समांतर, सरळ मागे न्यायचा. लांबीचा अंदाज म्हणजे नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मा. मागे अलगद अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, काही सेकंद तसाच ठेवायचा (टोकाला ओल शोषू द्या), मग हळू फिरवत बाहेर. पेशंटच्या डोळ्यात पाणी आलं तर समजा जागा बरोबर होती. आधीच अडलं तर जोर लावू नका, नाकाचा पडदा वाकडा असू शकतो, दुसरी नाकपुडी बघा. घशाचा घेताना मागची भिंत आणि टॉन्सिल्सवरून फिरवा, जिभेला, गालाला लावू नका, तिथून नुसती लाळ येते.

३. साधा कापसाचा, लाकडी काडीचा स्वॅब चालेल का? तोच हाताशी आहे.

नाही. कापसात आणि लाकडात असे पदार्थ असतात की पीसीआरची (व्हायरसच्या जीनच्या प्रती वाढवून तो शोधणारी टेस्ट) रिअ‍ॅक्शनच अडखळते, कॅल्शियम अल्जिनेटच्या टोकाचंही तेच. पॉलिएस्टर, रेयॉन किंवा फ्लॉक्ड नायलॉन टोक आणि प्लास्टिकची काडी घ्या. फ्लॉक्ड म्हणजे ब्रशसारखे उभे तंतू असलेला. त्याचा फायदा असा की पेशी उचलतो पण आणि नळीत सोडतो पण, गुंडाळलेल्या कापसासारखा आत धरून बसत नाही.

४. ताप आल्यापासून कितव्या दिवशी घ्यावा?

पहिल्या तीन-चार दिवसांत. लागण झालेल्या माणसाच्या नाकात लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून व्हायरस असतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सगळ्यात जास्त असतो आणि नंतर उतरत जातो. धडधाकट मोठ्या माणसाचा आठव्या दिवशीचा निगेटिव्ह मी फारसा मनावर घेत नाही. लहान मुलं मात्र जास्त दिवस व्हायरस सोडतात, प्रतिकारशक्ती दबलेल्या पेशंटमध्ये तो कित्येक आठवडे मिळू शकतो, आणि वयस्कर माणसांत उलटं, प्रमाण कमी आणि ताप पण नसतो कधी कधी, म्हणून तिथे उशीर अजून महागात पडतो. हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या गंभीर पेशंटचा नियम वेगळा, तो प्रश्न १२ मध्ये.

५. ऑसेल्टामिव्हिर (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) आधीच सुरू झालंय, आता नमुना घेऊन उपयोग आहे का?

आहे, पण गोळ्यांनी व्हायरस कमी होत जातो, तेव्हा जितका लवकर तितका बरा. शक्य असेल तर पहिल्या गोळीच्या आधी स्वॅब घ्या. उलट मात्र कधीच करू नका, म्हणजे गंभीर पेशंटचं औषध रिपोर्टसाठी अडवून ठेवणं. आणि फॉर्मवर औषध कधी सुरू केलं ते लिहा, कारण औषध चालू असूनही व्हायरस भरपूर दिसत असेल तर औषधाला दाद न देणारा प्रकार आहे का हे बघावं लागतं.

६. नळीतलं गुलाबी पाणी म्हणजे काय? सलाइन का नाही चालत?

त्याला व्हीटीएम म्हणतात, व्हायरस वाहून नेण्याचं माध्यम. त्यात क्षार असतात, आम्लता सांभाळणारा बफर असतो, व्हायरसला आधार म्हणून थोडं प्रोटीन आणि बॅक्टेरिया-बुरशी वाढू नये म्हणून अँटिबायोटिक्स आणि बुरशीनाशक. गुलाबी रंग फिनॉल रेडचा. तो पिवळा पडला किंवा पाणी गढूळ झालं तर माध्यम आंबट झालंय किंवा आत काहीतरी वाढतंय, अशी नळी वापरू नका, भले एक्स्पायरी डेट पुढची असूदे. नुसत्या पीसीआरसाठी सलाइनमधला स्वॅब बऱ्याच लॅब चालवून घेतात, पण त्यात व्हायरस जिवंत राहण्याची सोय नसते.

मापाची पण गंमत आहे. नळीत साधारण ३ मिली असतं, त्यातलं आम्ही २०० मायक्रोलिटर काढतो, म्हणजे पंधरावा भाग, त्यातून आरएनए (व्हायरसचे जीन ज्यात असतात तो पदार्थ) वेगळा करतो आणि त्यातलेही जेमतेम ५ मायक्रोलिटर पीसीआरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये जातात. स्वॅबवरच थोडं आलं असेल तर शेवटच्या थेंबात काय उरणार? म्हणून "थोडं जास्त भरलं पाणी, काय फरक पडतो" असं म्हणू नका, पडतो.

७. नमुना फ्रीजमध्ये किती दिवस राहील? लांब पाठवायचाय तर फ्रीजरमध्येच टाकून देऊ का?

२ ते ८ अंश सेल्सिअसला ७२ तासांपर्यंत. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर थेट उणे ७० किंवा त्याखाली. मधला मार्ग म्हणजे नेहमीचा उणे २० चा फ्रीजर, आणि नेमका तोच सगळ्यात वाईट, कारण तिथे गोठणं सावकाश होतं, बर्फाचे स्फटिक बनतात आणि फ्लूच्या व्हायरसला चरबीचं नाजूक वेष्टन असतं ते फुटतं. त्यात बर्फ न साचणारे फ्रीजर तर मधून मधून स्वतःच गरम होतात, म्हणजे गोठ-वितळ-गोठ-वितळ. फ्रीजच्या दारातही ठेवू नका, दार दर पाच मिनिटांनी उघडतं. आतल्या मधल्या कप्प्यात, उभी नळी.

८. ड्राय आईसमध्ये पाठवलं, मग तर चिंताच नको ना?

एक चिंता आहे आणि ती कुणी सांगत नाही. ड्राय आईस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचा वायू सैल झाकणातून नळीत शिरला की माध्यम आम्लधर्मी होतं आणि फ्लूचा व्हायरस आम्लाला अजिबात टिकत नाही. तेव्हा झाकण घट्ट, वरून पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणासारखी पट्टी), आणि नळी पिशवीत सीलबंद. बाहेरचा खोका मात्र हवाबंद करू नका, वायूला जायला वाट नसली तर खोका फुटतो.

९. रिपोर्टवर "इनव्हॅलिड, पुन्हा नमुना पाठवा" आलं. म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

दोन्ही नाही. प्रत्येक नमुन्यात आम्ही व्हायरसबरोबर माणसाचा एक जीन पण शोधतो, बहुतेक ठिकाणी आरनेझ-पी नावाचा. माणसाच्या पेशी आल्या असतील तर तो दिसतोच. तो दिसला नाही तर एकतर स्वॅबवर काही आलंच नाही, नाहीतर रक्त किंवा घट्ट शेंबडातल्या एखाद्या घटकाने रिअ‍ॅक्शन बंद पाडली, किंवा आमच्याकडे आरएनए काढताना चूक झाली. तिसरी शक्यता असते म्हणून आम्ही आधी उरलेल्या नमुन्यातून पुन्हा करून बघतो, मगच तुम्हाला त्रास देतो.

१०. आरनेझ-पी छान आला म्हणजे नमुना चांगलाच होता, बरोबर?

अर्धं बरोबर. तो फक्त एवढंच सांगतो की माणसाच्या पेशी आहेत आणि रिअ‍ॅक्शन चालली. पेशी कुठल्या हे तो सांगत नाही, गालाच्या आतून खरवडल्या तरी तो मस्त येतो. नमुना दुसऱ्या दिवसाचा की बाराव्या, व्हायरस जिवंत आहे की मेलेला, याचा पण त्याला पत्ता नसतो. म्हणून तो वाईट आला तर नमुना वाईट हे नक्की, चांगला आला तर पुढचे प्रश्न विचारायचे.

जुन्या पद्धतीत, मायक्रोस्कोपखाली चमकणाऱ्या अँटिबॉडीने व्हायरस बघायचे, तेव्हा हे सोपं होतं. अस्तराच्या लांबट, केसाळ पेशी पुरेशा दिसतात की नाही हे डोळ्यालाच कळायचं, नसल्या तर रिपोर्टच द्यायचे नाहीत. पीसीआर त्या मानाने आंधळा आहे.

११. माझी सीटी व्हॅल्यू ३४ आणि भावाची २२. म्हणजे त्याचा आजार जास्त गंभीर?

असं म्हणता येत नाही. सीटी म्हणजे सिग्नल दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा, प्रत्येक फेरीत माल साधारण दुप्पट होतो, म्हणून आकडा जितका कमी तितका नळीत व्हायरसचा आरएनए जास्त. २२ आणि ३४ मध्ये १२ फेऱ्यांचा फरक, म्हणजे चार हजार पट. पण लक्षात घ्या, हा फरक *नळीतला* आहे. तुमचा स्वॅब पाचव्या दिवशी पुढच्या नाकातून घेतला आणि भावाचा दुसऱ्या दिवशी नीट मागून, तर तेवढ्यानेच एवढा फरक पडू शकतो. नमुना कसा घेतला हे माहीत नसताना दोन माणसांच्या सीटीची तुलना करणं म्हणजे एकाने वाटीने, दुसऱ्याने चमच्याने पाणी आणायचं आणि विहीर कुणाची खोल यावर वाद घालायचा.

१२. आयसीयूमधल्या पेशंटचा नाकाचा स्वॅब दोनदा निगेटिव्ह, डॉक्टर तरी फ्लूच म्हणतात. असं कसं?

डॉक्टर बरोबर असू शकतात. आजार फुप्फुसात उतरला की वरचं नाक-घसा रिकामं होऊ लागतं आणि खाली व्हायरस चालूच राहतो. अशा वेळी खालचा नमुना लागतो: व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून ओढलेला स्राव, किंवा ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुवून काढलेलं पाणी. प्रश्न ४ मधली तीन-चार दिवसांची अट इथे लागू नाही, खालून उशिरा पण सापडतो. फक्त आधी लॅबला विचारा, प्रत्येक किट असल्या चिकट नमुन्यासाठी तपासलेलं नसतं.

१३. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, पीसीआर पॉझिटिव्ह. कुणाचं खरं मानायचं?

पीसीआरचं. रॅपिड अँटिजेन टेस्ट व्हायरसचं प्रोटीन जसं आहे तसं शोधते, पीसीआरसारखी त्याच्या प्रती वाढवत नाही, त्यामुळे तिला मुळातच भरपूर माल लागतो. तिची पकड साधारण ५० ते ७० टक्के धरतात, म्हणजे फ्लू असलेल्या दहातले तीन ते पाच जण सुटतात, आणि नमुना हलका असला की अजून जास्त. पॉझिटिव्ह आली तर हंगामात बहुतेक वेळा खरी असते. अजून एक, बऱ्याच रॅपिड किटला स्वॅब थेट लागतो, आधी व्हीटीएममध्ये बुडवून मग त्यातला थेंब टाकला तर नमुना पातळ होतो. किटचा कागद वाचा, खरंच, कुणी वाचत नाही.

१४. पीसीआर पॉझिटिव्ह दिलात, मग व्हायरस वाढवता आला नाही, सिक्वेन्स झाला नाही, असं का सांगता?

कारण प्रत्येक कामाला लागणारा माल वेगळा. पीसीआर व्हायरसच्या जीनचा छोटासा तुकडा शोधतो, आरएनए थोडा तुटलेला असला तरी तो तुकडा शाबूत असतो. पूर्ण सिक्वेन्सिंगला, म्हणजे व्हायरसचे जीन अक्षर-अक्षर वाचायला, त्याचे आठही जीन-खंड अख्खे आणि पुरेसे हवेत, म्हणून सहसा ३० च्या आतल्या सीटीचे नमुने निवडतात. आणि व्हायरस वाढवायचा, म्हणजे एमडीसीके पेशींमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी) किंवा कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात, तर तो जिवंतच पाहिजे. एक दुपार गाडीच्या डिकीत राहिलेली नळी पीसीआरला पॉझिटिव्ह येईल आणि पेशींवर काहीच दाखवणार नाही. लायसिस बफरमध्ये पाठवलेल्या नमुन्यात तर व्हायरस मारूनच टाकलेला असतो, सुरक्षित म्हणून छान, वाढवायला शून्य.

आणि वाढवलेला व्हायरस कशाला हवा, तर जुन्या लसीच्या अँटिबॉडी त्याला ओळखतात का आणि औषध चालतं का हे जिवंत व्हायरसवरच नीट बघता येतं.

१५. एखादा स्वॅब नीट नाही घेतला तर फ्लूच्या साथीवर नजर ठेवणाऱ्या सर्वेक्षणाला एवढा काय फरक पडतो? हजारो नमुने असतात.

एखाद्याने नाही पडत, पण चूक सहसा एकट्याने येत नाही, एका सेंटरच्या सगळ्या नळ्यांमध्ये तीच असते. समजा आठवड्याला १०० नमुने, त्यात खरे फ्लूचे ३०, आणि १० हुकले. पॉझिटिव्हिटी ३० ऐवजी २० टक्के दिसणार. फ्लूचा हंगाम सुरू झाला हे या टक्केवारीने ठरावीक रेषा ओलांडली की जाहीर करतात, म्हणजे इशारा उशिरा.

आमच्याकडे एकदा असंच झालं. ऐन हंगामात सगळीकडून पॉझिटिव्ह येतायत आणि एका सेंटरचे आठवड्यामागून आठवडे कोरे. नळ्या छान, थंडगार, लेबलं सुवाच्य. मग आरनेझ-पीच्या सीटी काढून बघितल्या तर सगळ्या ३५-३६ च्या आसपास, म्हणजे पास होतायत पण कसेबसे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. फोन केला तर नवीन आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, बारकी पोरं रडतात हो, मी पुढूनच हळू पुसून घेतो." त्याला एक दुपार बसवून दाखवलं, पुढच्या खेपेला तेच आकडे २६-२७ वर आले आणि पॉझिटिव्ह पण दिसायला लागले. तेव्हापासून आम्ही सेंटरवार आरनेझ-पीची सरासरी दर आठवड्याला बघतो. फुकटात मिळणारी माहिती आहे, वापरा.

लस किती चालली हे पण याच नमुन्यांवरून काढतात: पॉझिटिव्ह आलेल्यांत लस घेतलेले किती आणि निगेटिव्ह आलेल्यांत किती. खरा फ्लूवाला खराब स्वॅबमुळे निगेटिव्हच्या गटात गेला की दोन्ही गट एकमेकांसारखे दिसायला लागतात आणि लस आहे त्यापेक्षा कमकुवत वाटते. चुकीचे पॉझिटिव्ह तर हे गणित अजून जास्त बिघडवतात.

१६. मग नमुन्यांची संख्या वाढवली की झालं की! जेवढे जास्त तेवढं चांगलं.

नाही हो. कुणाचेही, कधीचेही पाचशे नमुने घेण्यापेक्षा व्याख्येत बसणारे पन्नास नीट घेतलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या साधी आहे: ३८ अंश किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या १० दिवसांतली, भरती करावं लागलं तर तो गंभीर गटात. सेंटर सोमवारी रांगेतल्या पहिल्या दहा जणांचे घेऊन मोकळं होत असेल तर दिसतो तो सोमवारचा फ्लू.

१७. फॉर्मवर लक्षणं सुरू झाल्याची तारीख नाही लिहिली तर नमुना रिजेक्ट कशाला? नळी तर व्यवस्थित आहे.

ती तारीख नसली तर निगेटिव्हचा अर्थच लावता येत नाही (प्रश्न ४), आणि साथीचा आलेख आजार सुरू झाल्याच्या तारखेवर काढतात, लॅबमध्ये नळी आल्याच्या नाही. नळीवर आणि फॉर्मवर नाव आणि नंबर जुळत नसेल तर नाइलाजच. आणि मार्करने लिहा, शाईचं पेन आईस पॅकच्या पाण्यात धुऊन जातं, मग आम्ही निळा डाग वाचत बसतो.

१८. नाकात मारायची लस घेतली आणि चार दिवसांनी फ्लू पॉझिटिव्ह. लसीने फ्लू झाला?

त्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो आणि तो काही दिवस नाकातच असतो, टेस्ट त्यालाच पकडते. इंजेक्शनच्या लसीने असं होत नाही. फॉर्मवर लसीची तारीख लिहा.

१९. पक्ष्यांच्या फ्लूचा संशय असेल तरी हाच स्वॅब?

हा तर घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. एच५एन१ या पक्ष्यांच्या फ्लूमध्ये घशात नाकापेक्षा जास्त व्हायरस सापडू शकतो, आणि न्यूमोनिया असेल तर खालचा नमुना (प्रश्न १२) हवाच. डोळे लाल असतील तर डोळ्याच्या पापणीच्या आतूनही स्वॅब घ्या, वेगळ्या नळीत. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमधून माणसांना लागण झाली तेव्हा बऱ्याच जणांचा मुख्य त्रास डोळ्यांचाच होता. आणि पाठवण्याआधी लॅबला फोन करा, हा व्हायरस वाढवायचं काम साध्या लॅबमध्ये करत नाहीत.

२०. रिपोर्टमध्ये "इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, प्रकार ठरला नाही" आलंय. घाबरू का?

बहुतेक वेळा नाही. ए प्रकार ओळखणारी टेस्ट व्हायरसच्या एम जीनवर असते, एच१ की एच३ (माणसांत फिरणारे ए चे दोन उपप्रकार) हे ठरवणारी एचए जीनवर, आणि माल कमी असला की पहिली लागते, दुसरी चुकते. एम जीनची सीटी ३५-३६ असेल तर दोष हलक्या नमुन्याचा, नवा स्वॅब पाठवा, विषय संपला.

पण एम जीन २४ ला खणखणीत आला आणि तरी एच१ पण नाही, एच३ पण नाही, तर आम्ही खुर्चीतून उठतो. मग शक्यता दोन: ओळखीच्या व्हायरसमध्ये टेस्टच्या जागी बदल झालाय, किंवा माणसात सहसा नसणारा प्रकार आलाय. नव्या प्रकाराने माणसाला झालेली लागण आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावी लागते, आणि नमुना संदर्भ लॅबला जातो. १९५२ पासून चालत आलेल्या त्यांच्या फ्लू-लॅबच्या जाळ्यात असे नमुने पोचतात, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये लसीत कुठले प्रकार घालायचे ते ठरतं तेही याच जाळ्यातल्या व्हायरसवरून. म्हणून नमुना आल्या आल्या आम्ही त्याचे छोटे छोटे भाग करून उणे ७० ला ठेवतो, कारण तसा फोन लागलाच तर पलीकडून पहिला प्रश्न सीटीचा नसतो. "मूळ नळीत किती शिल्लक आहे, आणि ती किती वेळा वितळवलीत?"